ग्वाल्हेरात जुनी लष्करी घाटाची रायफल निवडताना: नेमबाजीलाही चालेल, संग्रहालाही शोभेल अशी

शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्याआधी तीन चालत. वारशाने आलेलं शस्त्रही याच दोनांत मोजलं जातं. म्हणजे नेमबाजीला एक आणि कपाटात शोभेला पाच-सहा, ही परदेशी संग्राहकाची चैन आपल्याकडे नाही. जी घ्याल ती नेमाला खरी आणि जपून ठेवण्याजोगी, दोन्ही असली पाहिजे. त्यातच १९८०च्या दशकापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद आहे. बाजारात जुना माल आहे तेवढाच हातोहात फिरतो, आणि त्यात चांगल्या नळ्या दरवर्षी थोड्या कमीच होत जातात.

आधी बोर, मग बाकी सगळं

ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात परवान्याच्या बंदुका भरपूर, त्यामुळे दुकानातल्या गप्पांत ‘असली थ्री-नॉट-थ्री’ हा शब्द सहज येतो. तो ऐकून हुरळू नका. २०१६च्या शस्त्र नियमांत .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोरच्या (बोर म्हणजे नळीचा आतला व्यास) बोल्ट-अ‍ॅक्शन (दर बाराला हाताने बोल्ट ओढून भरायच्या) रायफली, तसंच ही लष्करी काडतुसं ज्यांच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या भागात) बसून उडू शकतात अशा इतर बोरच्या रायफलीही, प्रतिबंधित वर्गात आहेत. .४१० मस्केटही त्याच वर्गात. अशा शस्त्राचा विषय कलेक्टर कचेरीत संपत नाही, केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातो. म्हणजे पहिल्या महायुद्धातली एसएमएलई (आखूड ली-एनफील्ड, ब्रिटिश फौजेची रायफल), दुसऱ्या महायुद्धातली ली-एनफील्ड नंबर ४, ईशापूरची १९६०च्या दशकातली ७.६२ची २ए, या सगळ्या मूळ रूपात खरेदीच्या यादीतून बाद.

मग उरतं काय? त्याच घडणीची, पण परवानगी असलेल्या बोरची रायफल. सरकारी दारूगोळा चोरीला जाऊन खासगी बंदुकांत वापरला जाऊ नये म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानात लष्करी बोरवर निर्बंध आणले. तेव्हा बीएसएसारख्या कंपन्यांनी ली-एनफील्डचीच अ‍ॅक्शन (बोल्ट आणि त्याभोवतीची यंत्रणा) घेऊन .३१५ बोरच्या शिकारी रायफली बनवल्या. काडतूस ऑस्ट्रियन ८×५० मॅनलिखरच्या घराण्यातलं, मागे कड असलेलं. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने तोच धागा पुढे चालवला. लष्करी ली-एनफील्डच्या सर्वांत जवळचं आणि कायद्यात बसणारं शस्त्र आज हेच.

बीएसएची स्वातंत्र्यपूर्व .३१५ मिळाली आणि नळी चांगली असली, तर बाकी पर्याय बघायची गरज नाही. ईशापूरची .३१५ सहज मिळते, मार बरोबर करते, पण संग्रहाच्या दृष्टीने तिचं मोल बेताचं. त्यातही जुन्या वर्षांची, मूळ लाकूड आणि मूळ फिनिश असलेली शोधावी. .३०-०६ बोरमधली जुनी अमेरिकन लष्करी अ‍ॅक्शन, म्हणजे एम १९०३ किंवा एम १९१७, क्वचित दिसते. तिची काडतुसं देशात बनतात, त्यामुळे ती दोन्ही अंगांनी चांगली. मात्र एम १९१७ची दिसायला जुळी बहीण असलेली पी-१४ ही .३०३ आहे, घोटाळा करू नका. माउझर ९८ अ‍ॅक्शनवरच्या .२७५च्या रायफली देखण्या असतात, पण काडतुसांसाठी वणवण होते. जी रायफल वर्षात पाच गोळ्याही उडवू शकत नाही, तिला दोनांतली एक जागा देणं आम्हाला पटत नाही.

दुसरी जागा .२२ला द्यावी. नंबर २ मार्क ४ ही एसएमएलईच्या अंगकाठीची, एकेक काडतूस भरायची .२२ रायफल एनसीसी केलेल्या कित्येकांच्या हातून गेलेली आहे. वजन, बोल्टची चाल, चाप सगळं मोठ्या रायफलीसारखं, आणि काडतूस स्वस्त. घेताना मात्र डीलरच्या वहीत आणि आधीच्या परवान्यात तिची रीतसर नोंद आहे ना ते पाहा.

कागद

अर्ज ए-१ नमुन्यात, सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं आणि वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र. वयाची अट २१ वर्षं. परवाना जिल्हाधिकारी देतात, मुदत पाच वर्षं, आणि त्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन (ओळख क्रमांक) असतो. आधी परवाना, मग रायफल. उलटा क्रम म्हणजे गुन्हा.

खासगी मालकाकडून घेत असाल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. ही मुदत पूर्ण होण्याआधी रायफल ‘बघायला म्हणून’ घरी आणणंही टाळा. डीलरमार्फत व्यवहार केला तर त्याच्या वहीतली नोंद तुमच्या बाजूचा पुरावा ठरते.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घराण्यांत आजोबांची रायफल नातवाकडे यायची वेळ येते, तेव्हा एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. मालक हयात असतानाच वारसाकडे हस्तांतर करता येतं. मालकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून. हे वेळेत केलं नाही आणि मालक गेले, तर बिनपरवाना शस्त्र घरात राहतं. अशा वेळी ते ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करून पावती घ्यावी, मग वारसाचा अर्ज करावा. वारशाची रायफल .३०३ निघाली तर वकिलाला पहिल्या दिवशीच सोबत घ्या.

आणि जुनाट, दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार परवान्याच्या कक्षेबाहेर राहतं. भिंतीवर एसएमएलई हवीच असेल तर हाच मार्ग. पण ‘वापरता येणार नाही’ हे विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर ठरत नाही. आर्मररचा (शस्त्रं तपासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा) लेखी दाखला आणि प्रशासनाचं पत्र फायलीत असू द्या. नुसता फायरिंग पिन काढलेली रायफल या व्याख्येत बसत नाही, पिन परत बसवता येते.

दुकानात रायफल हातात आल्यावर

मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री करा. मग बोल्ट पूर्ण मागे ओढून, त्याचं डोकं पट्टीवरून वर उचलून बोल्ट बाहेर काढा. आता सर्वांत आधी नंबर.

नंबर रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्यावर), नळीवर आणि बोल्टच्या दांडीच्या मागच्या बाजूला पाहा. लष्करी घडणीत तो लाकडावर आणि साइटवरही सापडतो. रिसीव्हरचा नंबर आणि परवान्यातला नंबर यांत एका आकड्याचाही फरक असेल तर पुढे बोलू नका. नंबर घासलेला, अस्पष्ट किंवा दुसऱ्याच ठशाने मारलेला असेल तर ती रायफल फुकट मिळाली तरी नको. ओळखखूण नसलेलं शस्त्र विकण्यावर किंवा हस्तांतरित करण्यावर कलम ८ नुसार बंदी आहे, आणि खूण मीच खोडलेली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे शस्त्र सापडेल त्याच्यावर येऊन पडते.

बोल्टचा नंबर वेगळा असणं हा कायद्यापेक्षा जास्त तांत्रिक प्रश्न आहे. ली-एनफील्डचा बोल्ट त्या-त्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो. दुकानात चार रायफली एकदम साफ करताना बोल्ट अदलाबदल होतात आणि मग मागच्या आधारखाचांवर भार एकसारखा पडत नाही. संग्राहक अशा रायफलीला कमी किंमत देतो. नेमबाजाने तर आर्मररने तपासल्याशिवाय ती उडवूच नये.

डीपी हा ठसा शोधा. ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीसाठी. अशी रायफल कितीही चकचकीत असली तरी ती लष्कराने गोळीबारासाठी नाकारलेली आहे. आणि परवान्यावर .३१५ लिहिलेलं, पण अंगावर सगळे ठसे .३०३ लष्करी रायफलीचे, नळीवर नवा खोदलेला बोर, असं काही दिसलं तर ते बहुधा गल्लीतल्या कारखान्यातलं रूपांतर असतं. चेंबरची मापं जुळत नाहीत, प्रूफचा (दाबाची चाचणी झाल्याचा) ठसा नसतो, आणि कायद्याने ती कोणत्या वर्गात जाईल हे न्यायालयातच कळतं. सोडून द्या.

नळी

पैसे नळीचे असतात. लाकूड दुरुस्त होतं, चापाचा भाग मिळतो, नळी गेली की रायफल गेली. आणि नळी बदलणं हे परवानाधारक कारखान्याचं काम, मिस्त्रीचं नव्हे.

विकणारा नळीत भरपूर तेल ओतून ठेवतो, कारण तेलाने खड्डे चमकतात. म्हणून स्वतःचा गज आणि सुती चिंध्या घेऊन जा. चार-पाच कोरड्या चिंध्या ओढा आणि मगच उजेडाकडे धरून पाहा. चेंबरच्या बाजूने एकदा, तोंडाच्या बाजूने एकदा. नळी एकसारखी करडी, भुरकट दिसली पण आतल्या पिळाच्या खाचांच्या कडा धारदार असल्या तर घाबरायचं कारण नाही, अशा नळ्या उत्तम मारतात. खाचांच्या कोपऱ्यांत काळे टिपके आणि चेंबरच्या पुढच्या चार बोटांत कडा विरघळल्यासारख्या गोल, ही खरी वाईट खूण.

नळीत कुठे काळं कडं दिसलं तर त्या जागी बाहेरून बोट फिरवा. उंचवटा लागला म्हणजे कधीतरी आत चिंधी किंवा गोळी अडकलेली असताना बार झालेला आहे. अशी नळी बाद.

मग तोंड पाहा. पुलथ्रूची (नळी पुसायची) दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूने घासली की तोंड लंबगोल होतं, आणि नेम बिघडायला तेवढं पुरतं. डीलरकडून त्याच बोरचं डमी काडतूस मागा आणि गोळीचं टोक तोंडात घाला. गोळी पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) काठापर्यंत सरळ आत बसली तर तोंड झिजलंय. जितकी जास्त बाहेर राहील तितकं बरं. जिवंत काडतुसाने ही परीक्षा करू नये.

बोल्ट, हेडस्पेस, चाप

बोल्ट बंद असताना त्याचा चेहरा आणि नळीचं मागचं तोंड यांत काडतुसाची कड बसायला जी जागा उरते, ती या कडवाल्या काडतुसांची हेडस्पेस. ती वाढली की बारानंतर पुंगळी मागे ताणली जाते. ली-एनफील्डच्या आधारखाचा बोल्टच्या मागच्या भागात असल्याने अ‍ॅक्शन थोडी लवचीक आहे आणि हा ताण जास्त जाणवतो. काही काडतुसांनंतर पुंगळी कडेच्या वर तुटते, पुढचा तुकडा चेंबरमध्ये अडकतो, आणि गरम वायू मागे येतो.

हे गेजनेच तपासायचं. .३०३साठीची ०.०६४ आणि ०.०७४ इंचांची गेज प्रसिद्ध आहेत, म्हणून काही मिस्त्री तीच .३१५ला लावतात. ते चुकीचं आहे, कडेची मापं वेगळी आहेत. गेज नसेल तर निदान त्या रायफलीतून उडालेल्या पुंगळ्या मागा. कडेच्या वर चकचकीत कडं दिसतंय का, प्रायमर (पुंगळीच्या बुडाची ठिणगीची टोपी) मागे सरकलंय का ते पाहा. बारीक तारेच्या टोकाला आकडा करून पुंगळीच्या आतून तळाकडे ओढत आणा. खाच लागली तर भिंत पातळ झालेली आहे.

बोल्टचं डोकं हाताने फिरवून घट्ट करा. ते बोल्टच्या पट्टीच्या रेषेत किंवा जरासं पुढे थांबायला हवं. अंदाजे २० अंशांपेक्षा पुढे जात असेल तर आटे झिजलेत.

चापाला दोन टप्पे असतात. लष्करी मापात पहिला ओढ ३ ते ४ पौंड, दुसरा ५ ते ६. पहिला टप्पाच लागत नसेल तर कोणीतरी कानस चालवलेली आहे. त्या पृष्ठभागाचा कडक थर पातळ असतो, तो गेला की खालचं मऊ पोलाद झपाट्याने झिजतं आणि एक दिवस बोल्ट बंद करतानाच बार होतो. परीक्षा अशी: रिकामी रायफल कॉक करा, दस्त्याची टाच रबराच्या चटईवर दोन-तीनदा आपटा. कॉकिंग पीस (बोल्टच्या मागचा ताणलेला भाग) सुटता कामा नये. मग सेफ्टी लावून चाप ओढा, सोडा, सेफ्टी काढा. तेव्हाही सुटता कामा नये.

मॅगझिन दुसऱ्या रायफलीचं असेल तर काडतूस अडकतं, कारण ओठांचा वाक त्या-त्या रायफलीला जुळवलेला असतो. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे राहील अशी भरा. उलटी बसली की पहिल्याच खेचीला बोल्ट थांबतो आणि लोक उगाच एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याला) दोष देतात.

लाकूड

लाकडात बघण्याची जागा एकच, रिसीव्हरचा मागचा भाग जिथे पुढच्या लाकडाला टेकतो ती. बाराचा सगळा धक्का तिथे जातो. तेल मुरून ती जागा काळी, मऊ झाली असेल किंवा तिथून चीर निघाली असेल तर रायफल दर बाराला थोडी हलते आणि गोळ्या उभ्या रेषेत पसरतात.

लष्करी एसएमएलई घडणीत एक सापळा आहे. दस्ता काढायला मागून लांब पेचकस घालून स्टॉकबोल्ट फिरवला जातो, पण त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न उतरवता तो फिरवला की लाकूड चिरतंच. बाजारातल्या निम्म्या चिरा आमच्या मते गोळीबाराने नाही, या घाईने आलेल्या आहेत.

व्हार्निश मारून चकचकीत केलेली, नव्याने काळी केलेली रायफल पाहून खूश होऊ नका. पॉलिशच्या चाकाने ठशांच्या कडा पुसट होतात, आणि संग्राहक त्याच कडांचे पैसे देतो. जुनं फिनिश झिजलेलं असलं तरी तसंच राहू द्या. लाकडाला वर्षातून दोनदा कच्च्या अळशीच्या तेलाचा हात पुरे. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात लाकूड सुकतं आणि पेच सैल होतात, म्हणून पावसाळ्याआधी एकदा सगळे पेच तपासा.

डोळा तयार करायचा असेल तर इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र-प्रशिक्षण केंद्राचं शस्त्रसंग्रहालय आणि महूचं इन्फंट्री म्युझियम पाहून या. मूळ रायफलीचे ठसे आणि फिनिश कसं दिसतं हे एकदा डोळ्यांत बसलं की दुकानातला नकली माल लगेच खटकतो.

रेंजवर

परवाना आहे म्हणून शेतात पाटी लावून नेम धरता येत नाही. मान्यताप्राप्त रेंज किंवा रायफल क्लबच हवा. मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठीच्या .२२ आणि एअर रायफलीच्या बाबतीत दोनांच्या मर्यादेतून सूट आहे, म्हणून सदस्यत्व घेऊनच ठेवा. लग्नाच्या वरातीत बार काढणं आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, इतकं महाग आहे.

काडतुसं एकाच लॉटची घ्या. एका वेळी आणि वर्षाला किती, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. रिकाम्या पुंगळ्या जपा, हिशेबालाही लागतात आणि हेडस्पेसही सांगतात. हिरवट झालेलं, मानेला चीर गेलेलं काडतूस वापरू नका. चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज आला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून पूर्ण मिनिटभर थांबा, मग बोल्ट उघडा.

पन्नास मीटरवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, पाच-पाच गोळ्यांचे तीन गट मारा. मधे नळी हाताला सोसेल इतकी थंड होऊ द्या. उघड्या साइटवर सहा-सात सेंटिमीटरचा गट म्हणजे रायफल निरोगी. गट छोटा पण जागा चुकीची असेल तर दोष साइटचा, रायफलीचा नाही. माशी (पुढच्या साइटचं टोक) किती बदलायची याचा हिशेब सोपा: चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. दोन साइटमध्ये ४९ सेंटिमीटर अंतर असेल आणि पन्नास मीटरवर गोळी १० सेंटिमीटर खाली लागत असेल, तर माशी सुमारे १ मिलिमीटर बुटकी हवी. मूळ माशी घासू नका, दुसरी बुटकी बसवा आणि मूळ डबीत ठेवा.

जुन्या लॉटची काडतुसं उडवली असतील तर प्रायमरमधले क्षार नळीत उरतात आणि हवेतली ओल ओढून घेतात. तेल त्यांना विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. त्याच दिवशी चेंबरच्या बाजूने अर्धा लिटर कडकडीत पाणी ओता, कोरड्या चिंध्या ओढा, मग तेलाची. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी ओढून पाहा. तांबूस आली तर सगळं परत करा. चामड्याच्या म्यानात रायफल कधीच ठेवू नका, चामडं ओल धरतं. लोखंडी कपाट, आत सिलिका जेल, आणि बोल्ट वेगळ्या कुलपात.

संग्रहाच्या दृष्टीने रायफलीबरोबर आलेली प्रत्येक किरकोळ वस्तू जपा: जुनं बिल, डीलरचं लेबल, पितळी तेलाची बाटली, पुलथ्रू. १९०७च्या नमुन्याची सतरा इंची पात्याची संगीन मिळाली तर लक्षात ठेवा, नऊ इंचांहून लांब पातं हेही कायद्याच्या लेखी शस्त्रच. अधिसूचित भागात त्यालाही परवाना लागतो.

आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की आपल्याकडे परवान्याची शस्त्रं जमा करायचा आदेश निघतो आणि रायफल ठाण्याच्या मालखान्यात आठवडेच्या आठवडे पडून राहते. शक्य असेल तर डीलरकडे जमा करा. नेण्याआधी नळीत आणि बोल्टवर जाड तेलाचा थर द्या, नंबर दिसतील असे फोटो काढा, आणि पावतीवर रिसीव्हरचा आणि बोल्टचा नंबर वेगवेगळा लिहून घ्या. परत घेताना दोन्ही नंबर तिथेच ताडून पाहा. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा निघाला तर सही करण्याआधी लेखी हरकत द्या.